भगवानदादांचा कार्यक्रम आणि चौदा पानांची स्क्रिप्ट

पार्श्वभूमी

कोल्हापुरात आमचा जुन्या सिनेमाच्या वेड्यांचा एक छोटा ग्रुप आहे, नऊ जणांचा. महिन्यातून एकदा रविवारी सकाळी मंगळवार पेठेत एकाच्या घरी वरच्या खोलीत जमतो, चहा होतो, कुणीतरी एखादा जुना पिक्चर लावतो आणि मग दोन तास वाद. यात निवृत्त बँकवाले आहेत, एक काकू आहेत ज्यांचे वडील इथल्याच एका थेटरात ऑपरेटर होते, एक मिस्त्री आहेत ज्यांनी तरुणपणी स्टुडिओत सेटची सुतारकी केली, आणि सगळ्यात लहान म्हणजे एक कॉलेजचं पोरगं, आजोबांबरोबर यायला लागलं आणि आजोबा गेल्यावरही येतच राहिलं.

या गावाला सिनेमा नवीन नाही हे सांगायची गरज नाही. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी इथंच काढली, ‘प्रभात’ १९२९ साली इथंच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, नंतर भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ. त्यामुळं इथल्या जुन्या घरांतून कुणी ना कुणी सिनेमात पडेल ते काम केलेलं असतंच, कुणी घोडा धरलाय, कुणी दाढ्या चिकटवल्यात. हे आधीच सांगतोय कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत त्याचा संबंध येतो.

तर दरवर्षी एक जाहीर कार्यक्रम करायचा आमचा रिवाज आहे. त्या वर्षी ठरलं भगवानदादांवर करायचा, १ ऑगस्टला, त्यांच्या जन्मतारखेला. भगवान आबाजी पालव, जन्म १९१३, अमरावती. वडील गिरणी कामगार, वाढले मुंबईच्या कामगार वस्तीत. मूकपटाच्या जमान्यात सिनेमात शिरले, मग स्वस्तातले स्टंटपट, तेच नट, तेच दिग्दर्शक, पुढं निर्मातेही तेच. आणि मग १९५१ चा ‘अलबेला’, गीता बाली हिरॉईन, संगीत सी. रामचंद्र. त्यानंतरचं सगळ्यांना तोंडपाठ असतं, जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या, परत दादरच्या चाळीत, आणि ४ फेब्रुवारी २००२ ला तिथंच शेवट.

निवेदनाची जबाबदारी आमच्यातल्या बँकेतून निवृत्त झालेल्या सरांनी घेतली. आवाज चांगला, वाचन दांडगं, आणि भगवानदादांवर मनापासून प्रेम. दोन महिने खपून त्यांनी चौदा पानांची स्क्रिप्ट हातानं लिहिली.

अडचण नेमकी कुठं आली

जुलैच्या दुसऱ्या रविवारी सरांनी पहिल्यांदा पूर्ण स्क्रिप्ट वाचून दाखवली. वाचन संपलं तेव्हा खोलीत दोघंतिघं डोळे पुसत होते, मीसुद्धा. हॉलचं भाडं आणि चहा-नाश्ता स्पॉन्सर करणारे एक व्यापारी गृहस्थ मुद्दाम ऐकायला आले होते, ते म्हणाले, बास, हेच पाहिजे, लोक रडत बाहेर पडले पाहिजेत.

आणि मग त्या कॉलेजच्या पोरानं विचारलं, “सर, पण ते हसवायचे कसं? म्हणजे करायचे काय नेमकं?”

कुणालाच उत्तर देता आलं नाही. सर म्हणाले, अरे त्यांचा डान्स, त्यांचा चेहरा. पोरगं म्हणालं, हो पण काय त्या डान्समध्ये? मी पानं हातात घेऊन बघितली तर चौदातली नऊ पानं बंगला विकल्यापासून पुढची होती. दोन पानं बालपण. राहिलेल्या तीनमध्ये अख्खं करिअर आणि त्यातही निम्मी जागा ‘अमिताभची स्टेप यांच्यावरूनच आली’ याला. म्हणजे ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना हसवलं त्याच्यावर आपण दोन तास बोलणार आणि त्यात त्यानं हसवलेलं एक मिनिट सुद्धा नाही.

हे माझ्या डोक्यातून रात्रभर जाईना. सरांनी काही चुकीचं लिहिलं नव्हतं हो, आपण सगळेच जुन्या विनोदी नटांबद्दल असंच बोलतो. नाव काढलं की पुढचं वाक्य ‘पण शेवट फार वाईट झाला’. त्यांचं काम कुणी बघत नाही, त्यांची कणव करतो आणि वाटतं आपण त्यांना मान दिला.

दुसरी अडचण आकड्यांची. बंगल्याच्या खोल्या किती, गाड्या किती, कुठल्या वारी कुठली गाडी, हे सगळं स्क्रिप्टमध्ये ठासून भरलेलं होतं आणि सांगणारा बदलला की आकडा बदलतो.

आणि एक तिसरी छोटी गोष्ट, बॅनरची. स्पॉन्सर गृहस्थांना बॅनरवर भगवानदादांचा कोल्हापूरशी संबंध दाखवणारं काहीतरी पाहिजे होतं, ‘आपला माणूस’ वगैरे. अमरावतीला जन्मलेला, मुंबईत वाढलेला माणूस, त्याला कोल्हापूरचा कसा करायचा? याला मात्र सगळ्यांनी एका आवाजात नाही म्हटलं, पाच मिनिटांत विषय संपला.

समोर असलेले पर्याय

तीन आठवडे उरले होते. त्यात पंचगंगेचं पाणी चढायला लागलेलं, बाहेरगावचे लोक येतात का नाही हाही प्रश्न होता.

पहिला पर्याय, स्क्रिप्ट आहे तशी ठेवायची. याच्या बाजूनं बरंच होतं, सरांची मेहनत, स्पॉन्सर खूश, आणि खरं सांगायचं तर लोकांनाही तेच आवडतं.

दुसरा, बोलणं कमी करून ऑर्केस्ट्रा लावायचा. ‘शोला जो भडके’, ‘भोली सूरत दिल के खोटे’, ‘शाम ढले खिडकी तले’, तीन गाण्यांत हॉल डोक्यावर घेतला असता. पण यात एक भानगड असते जी बऱ्याच हौशी मंडळांना माहीत नसते. सिनेमाचा कॉपीराइट आपल्याकडं ६० वर्षांचा, म्हणजे १९५१ च्या सिनेमाचा २०११ च्या अखेरीला संपतो, पण गाण्याची चाल आणि शब्द यांचा हक्क ते रचणारा माणूस गेल्यानंतर ६० वर्षं चालतो. सी. रामचंद्र १९८२ ला गेले, राजेंद्र कृष्ण १९८७ ला. म्हणजे स्टेजवर गाणी गायची तर रीतसर परवानगी, फी, शिवाय वादक, रिहर्सल, साउंड. तीन आठवड्यांत आणि आमच्या बजेटमध्ये ते बसत नव्हतं. आणि माझं मत विचाराल तर ऑर्केस्ट्रात भगवानदादा कुठं दिसतात? ऐकू येतात ते चितळकर, कारण या तिन्ही गाण्यांत लताबाईंच्या जोडीला पुरुषाचा आवाज त्यांचाच, संगीतकार म्हणून नाव सी. रामचंद्र आणि गायक म्हणून चितळकर.

तिसरा, पूर्ण ‘अलबेला’ दाखवायचा आणि आधी दहा मिनिटं बोलायचं. सोपा पर्याय, पण हॉल अडीच तासांसाठीच मिळाला होता.

चौथा, स्क्रिप्ट उलटी करायची. कामाला जास्त वेळ, पडत्या काळाला कमी, आणि मधे सिनेमातले छोटे छोटे तुकडे दाखवून थांबून थांबून बोलायचं. यात धोका होता तो सर दुखावण्याचा.

निर्णय फिरला तो मिस्त्रींच्या बोलण्यावर. ते फारसं बोलत नाहीत, कोपऱ्यात बसून पानाला चुना लावत ऐकत असतात. ‘पडता काळ’ हा शब्द तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाले, “पडता काळ पडता काळ काय लावलंय? ‘अलबेला’नंतर ते घरात बसून राहिलं व्हतं काय? काम करतच व्हतं की. आम्ही स्टुडिओत बघितलंय, हिरो असतोय तो दुसऱ्या वर्षी घोळक्यात उभा असतोय. तवा आम्ही त्याला बिचारा म्हणत नव्हतो. डबा खायला आमच्यात बसायचा. कामावर आलाय म्हणायचो.”

हे ऐकून मी यादी काढली. ‘झमेला’ १९५३ चा, ‘लाबेला’ त्यानंतरचा, दोन्ही ‘अलबेला’सारखे चालले नाहीत हे खरं. पण १९५५ ला ते ‘झनक झनक पायल बाजे’त आहेत, १९५६ ला ‘चोरी चोरी’त आहेत, त्याच वर्षी किशोर कुमारला घेऊन ‘भागम भाग’ त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. नंतर तर कितीतरी वर्षं छोटे छोटे रोल, कधी नुसता एका गाण्यात नाच. बंगला गेला, काम नाही गेलं. गिरणी कामगाराच्या पोराला हा फरक नक्की कळत असणार.

काय केलं

चौथा पर्याय धरला. पण तो ठरवण्याची पद्धत आमची चुकली, त्याबद्दल खाली लिहितो.

पुढचे तीन रविवार आणि मधल्या काही संध्याकाळी आम्ही फक्त ‘अलबेला’ बघितला, तुकड्या तुकड्यानं. गोष्ट साधीच आहे, प्यारेलाल नावाचा गरीब घरातला पोरगा, नाटकाचं वेड, घरातून बाहेर पडतो आणि स्टेजवर नाव काढतो. पण बघताना एक गोष्ट लक्षात आली की या हिरोकडं हिरोचं काहीच नाही. अंगानं जाड, बुटका, चेहरा आपल्या गल्लीतल्या दुकानदाराचा. आणि नाचताना तो हे लपवत नाही.

‘शोला जो भडके’ त्या पोरानं आवाज बंद करून लावलं. कल्पना त्याचीच, आणि मला वाटतं सगळ्या तयारीतली ही सगळ्यात चांगली गोष्ट. आवाज गेला, बोंगो गेला, ट्रंपेट गेली, आणि मग पहिल्यांदा दिसलं की माणूस हलतो किती कमी. पावलं जमिनीवरून उचलल्यासारखी वाटतच नाहीत, सरकतात. हात कोपरापासून सैल, कंबर अगदी जराशी इकडून तिकडं, आणि चेहऱ्यावर एक निवांत हसू, जसं काही अंघोळ करून ओसरीत बसलाय. शेजारी गीता बाली नुसती वीज, मान, डोळे, खांदे, सगळं एकदम. ती जितकी वेगात तितका हा आरामात, आणि हसू येतं ते या दोघांच्या मधल्या फरकातून. तो विनोद करत नाहीच, नाचाची मजा घेतोय आणि आपल्याला सांगतोय तुलाबी जमंल, ये.

मग पोरगं उठलं आणि करून बघायला लागलं. नाही जमलं. परत केलं, नाही जमलं. मिस्त्री म्हणाले, “लई जोर लावतोयस. पाय उचलू नको, सरकव. रंधा मारतोयस असं समज, रंधा दाबायचा नसतोय.” आणि चौथ्या-पाचव्या वेळी ते एकदम जमलं, खोलीतले सगळे एकत्र ओरडलो. सर सुद्धा हसले, त्या दिवशी पहिल्यांदा.

मागं जाऊन स्टंटपटांचं पानही वाढवलं. १९३८ च्या ‘बहादूर किसान’पासून दिग्दर्शन, पुढं दहाबारा वर्षं मारधाडीचे स्वस्त सिनेमे, गिरणीतून सुटून येणाऱ्या प्रेक्षकासाठी. लोक हा भाग ‘अलबेला’च्या आधीची धडपड म्हणून उडवून लावतात, मला वाटतं तीच खरी शाळा होती. कमी पैशात, कमी दिवसांत काम संपवायचं, स्वतःच पडायचं, स्वतःच मार खायचा, त्यातून शरीराला एक हिशोब कळतो, कुठं ताकद लावायची आणि कुठं सोडून द्यायची. आमच्या गावात तालमीच्या मातीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सी. रामचंद्रांची जोडीसुद्धा ‘अलबेला’ला अचानक जमलेली नव्हे, १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासूनची, म्हणजे नऊ वर्षांची एकमेकांची सवय त्या गाण्यांत आहे.

काकूंनी वडिलांची आठवण सांगायची असं ठरलं. ‘शोला जो भडके’ लागलं की पडद्यावर चिल्लरचा पाऊस पडायचा, नुसती दौलतजादा, आणि शो सुटल्यावर झाडूवाल्याबरोबर सगळे खुर्च्यांखाली वाकून गोळा करायचे. कधी कधी पब्लिक इतकं पेटायचं की वडिलांना रीळ मागं घेऊन गाणं परत दाखवावं लागायचं, नाहीतर खुर्च्या मोडल्या असत्या. काकू म्हणाल्या, “बाबा घरी आले की खिशात एखादा आणा असायचा, म्हणायचे हा भगवाननं पाठवलाय, आणि मला तेव्हा देवच वाटायचा.”

खोल्यांचे आणि गाड्यांचे आकडे काढून टाकले. शेवटचा भाग दीड पानात आणला, त्यात बंगला, चाळ, छोटे रोल आणि तारखा.

काय झालं

१ ऑगस्टला सकाळपासून धो धो पाऊस. शंभर लोक आले तरी देव पावला म्हणत होतो, एकशे तीसच्या वर आले, मागं काही उभे होते. आवाज बंद करून गाणं लावलं तेव्हा सुरुवातीला लोकांना वाटलं साउंड बिघडला, एकदोघं ओरडले, मग पोरगं स्टेजवर आलं आणि त्यानं सांगितलं फक्त पाय बघा. हॉल शांत झाला. दुसऱ्यांदा आवाजासकट लावलं आणि त्यावेळी जो हशा आला तो मी विसरणार नाही, कारण लोक त्याच जागी हसत होते जिथं आम्ही त्या खोलीत हसलो होतो. पुढच्या रांगेतल्या एक आजी बसल्या बसल्या कोपरं हलवत होत्या. काकूंच्या आण्याला टाळ्या आणि मिस्त्रींचं ‘कामावर आलाय’ सरांनी वाचलं तेव्हा एकदम शांतता. मला वाटतं त्या शांततेत रडण्यापेक्षा जास्त काहीतरी होतं.

नाराजीही होती. स्पॉन्सर गृहस्थांनी ठरलेले पैसे दिले पण पुढच्या वर्षी बघू म्हणाले, त्यांना पाहिजे होता तसा शेवट मिळाला नाही. काही ज्येष्ठ मंडळींनी सरांना नंतर सांगितलं की तुम्ही दादांचं दुःख नीट मांडलं नाही.

आणि मग प्रश्नोत्तरात एक निवृत्त शिक्षिका उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, “ललिता पवारांचं काय? त्यांच्याबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.”

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, १९४२ मध्ये एका सीनमध्ये भगवानदादांनी ललिता पवारांना थोबाडीत मारायची होती, ती इतक्या जोरात बसली की त्यांच्या चेहऱ्यावरून वारं गेलं, डावा डोळा कायमचा अधू झाला, तीनएक वर्षं उपचारात गेली आणि हिरॉईनचं करिअर तिथंच थांबलं. सरांच्या मूळ चौदा पानांत हे चार ओळीत होतं. नवीन स्क्रिप्ट करताना आम्ही ते काढलं, कारण ‘मूड जातो’. हे वाक्य माझंच होतं.

सर गडबडले, म्हणाले आज तो विषय नाही. बाई काही न बोलता बसल्या. त्यानंतरची पाच मिनिटं कशीतरी रेटली.

परत करायचं झालं तर

थप्पड ठेवली असती, आणि लपवून नाही तर स्टंटपटांच्या भागातच. आम्ही एवढं कौतुक केलं की कुठं ताकद लावायची आणि कुठं सोडायची हे या माणसाला कळत होतं, मग एकदा ते चुकलं आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली हे त्याच पानावर यायला पाहिजे होतं. आम्ही रडवण्याचं काढायला निघालो आणि त्याबरोबर अडचणीचं पण काढून टाकलं. दोन्ही एकच नाही. हा या सगळ्या प्रकारातला सगळ्यात चुकलेला निर्णय, आणि तो घेताना आम्ही दोन मिनिटंसुद्धा चर्चा केली नव्हती, बॅनरवर मात्र पाच मिनिटं घालवली होती.

दुसरं, सरांशी बोलण्याची पद्धत. दोन महिन्यांचं काम आम्ही सगळ्यांसमोर, त्यांच्या तोंडावर चिरफाड करून बाजूला ठेवलं. मी आधी एकटा त्यांच्या घरी जायला पाहिजे होतं, चहा घेत पानं समोर ठेवून बोलायला पाहिजे होतं. पुढचा आठवडाभर ते आलेच नाहीत, फोन उचलत नव्हते. परत आले ते पोरानं जाऊन गाडीवर बसवून आणलं म्हणून. त्यांनी तेव्हा एकच सांगितलं, “मला ती नऊ पानं लिहिताना खरंच रडू येत होतं रे, ते खोटं नव्हतं.” खोटं नव्हतंच. हे आम्ही त्यांना आधी सांगायला पाहिजे होतं आणि मग बदल सुचवायला पाहिजे होता.

तिसरं, स्पॉन्सरला आधी कळवायचं. त्यांनी एक स्क्रिप्ट ऐकून पैसे कबूल केले आणि दुसरीच बघितली, त्यांच्या जागी मी असतो तर मलाही लागलं असतं.

चौथं अगदी व्यवहाराचं. ऑगस्टमध्ये कोल्हापुरात जाहीर कार्यक्रम ठेवायचा तर पाण्याचा विचार करून दुसरी तारीख हातात ठेवायची, आमचं नशिबानं निभावलं.

कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी सर त्या शिक्षिकाबाईंच्या घरी गेले, एकटेच, आम्हाला कुणाला न सांगता. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या बैठकीला बाई आल्या, आता आम्ही दहा जण आहोत. पुढचा कार्यक्रम ललिता पवारांवर आहे आणि स्क्रिप्ट बाईंची. गेल्या रविवारी त्यांनी वाचून दाखवली, सहा पानं आहेत. थप्पड पहिल्या पानावर तिसऱ्या परिच्छेदात येऊन जाते, चार ओळीत, आणि उरलेली सगळी पानं ‘श्री ४२०’मधली केळेवाली, ‘अनाडी’तली मिसेस डिसा आणि मंथरा यांची, एका अधू डोळ्याचं त्या प्रत्येक रोलमध्ये काय करायच्या ते सीनवार लिहिलेलं. सरांनी मधे एकदाच थांबवलं आणि विचारलं, हा सीन आवाज बंद करून लावायचा का?